रेषेखालची मुलं आणि सरकलेला वक्र

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (२०१९–२१) सांगते की महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत. चौथ्या फेरीत (२०१५–१६) हा आकडा ३४.४ होता. असा आकडा आला की वाढ झाली की घट, यावर वाद रंगतो आणि मग जी योजना पुढे येते ती बहुतेकदा रेषेखालच्या मुलांपुरती असते. उरलेली पासष्ट टक्के मुलं ठीक आहेत, असं सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं. ही समजूत चुकीची आहे. ते दाखवायला नवं सर्वेक्षण लागत नाही. झेड-स्कोअर आणि प्रसामान्य वितरणाचा, कॉलेजात शिकवला जाणारा हिशेब पुरतो.

खुजेपणाची रेषा कुठून आली? जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या सुमारे साडेआठ हजार निरोगी मुलांची मापं घेतली आणि २००६ मध्ये वाढीची प्रमाणकं जाहीर केली. त्यांनुसार पाच वर्षं पूर्ण झालेल्या मुलीची मध्यक उंची १०९.४ सेंटिमीटर आणि प्रमाण विचलन सुमारे ४.७५ सेंटिमीटर. समजा, अंगणवाडीत पट्टीला टाचा टेकवून उभी केलेली एक मुलगी १०१.८ सेंटिमीटर भरली. मध्यकापेक्षा ती ७.६ सेंटिमीटरने कमी, त्याला ४.७५ ने भागलं की झेड-स्कोअर येतो उणे १.६. प्रसामान्य वितरणाच्या कोष्टकात उणे १.६ च्या डावीकडचं क्षेत्रफळ आहे ०.०५५. म्हणजे पोटभर खाऊन, आजारांपासून जपून वाढलेल्या शंभर मुलींत इतकी किंवा याहून कमी उंची पाच-सहा जणींचीच असते. खुजेपणाची रेषा उणे २ वर, म्हणजे ९९.९ सेंटिमीटरवर. ही मुलगी रेषेच्या जवळजवळ दोन सेंटिमीटर वर असल्याने तिची नोंद ‘सामान्य’ अशी होते. तिच्या एकटीपुरतं पाहिलं तर हे योग्यच आहे. तिचे आईवडीलही ठेंगणे असतील. शंभरांत पाच जणी अशा असायच्याच.

आता हाच हिशेब उलटा करू. निरोगी लोकसंख्येत उणे २ च्या खाली २.३ टक्के मुलं असतात. महाराष्ट्रात ती ३५.२ टक्के आहेत. कोष्टकात ०.३५२ हे क्षेत्रफळ शोधलं की उणे ०.३८ मिळतं, म्हणजे रेषा आपल्या मुलांच्या सरासरीपासून फक्त ०.३८ विचलनाने खाली आहे. पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, प्रमाणकाइतकाच धरला तर सरासरी येते उणे १.६२. वरच्या उदाहरणातली, शंभरांत पाच-सहा जणींत मोडणारी मुलगी ही महाराष्ट्राची सरासरी मुलगी ठरते! आणि जागतिक मध्यक गाठणारी मुलं, जी निरोगी समाजात निम्मी असायला हवीत, ती या हिशेबाने शंभरात पाचच. रेषेखालची मुलं हा वेगळा पडलेला आजारी गट नाही. संपूर्ण वक्रच डावीकडे सरकलेला आहे आणि त्याची शेपटी तेवढी आपण मोजतो.

दोन फेऱ्यांमधला वादही या नजरेने पाहावा. ३४.४ वरून ३५.२ म्हणजे सरासरी ०.०२ विचलनाने खाली. पाच वर्षांच्या मुलीच्या उंचीत हे अंतर एक मिलिमीटर आहे. चार-पाच वर्षांत वक्र जागचा हलला नाही, एवढाच याचा अर्थ.

यावर पहिली हरकत वंशाची: भारतीय मुलं मुळातच लहानखुरी, त्यांना नॉर्वेची पट्टी का लावायची? पण त्या सहा ठिकाणांत दक्षिण दिल्ली होती आणि तिथल्या सुस्थितीतल्या घरांमधली मुलं इतर देशांच्या मुलांसारखीच वाढली. उंचीतल्या एकूण तफावतीपैकी ठिकाणांमुळे येणारा वाटा सुमारे ३ टक्के निघाला, तर एकाच ठिकाणच्या मुलामुलांमधला सुमारे ७० टक्के. वंशाचा वाटा शून्य आहे असं मी म्हणत नाही. पण दीड विचलनाची घसरण त्यात बसत नाही.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे, कारण ती सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेल्या पां. वा. सुखात्मे यांच्या विचारातून येते. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख राहिलेले सुखात्मे म्हणत की उष्मांकांची सरासरी गरज हीच रेषा मानली, तर धडधाकट माणसांपैकीही निम्मी उपाशी ठरतील. रेषा सरासरीच्या दोन विचलनं खाली हवी. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांनी त्यांना कडाडून विरोध केला आणि पुण्यातल्या या दोन विद्वानांचा वाद देशभर गाजला. एका माणसाला कुपोषित ठरवण्यापुरतं सुखात्म्यांचं म्हणणं मला पटतं. झेड-स्कोअरची उणे २ ची रेषा त्याच सावधगिरीवर उभी आहे. मात्र रेषा कितीही खाली ओढली तरी सरासरी कुठे आहे हा प्रश्न तसाच उरतो. आणि स्वच्छ पाणी व रोगराई यांकडे लक्ष द्या, हा सुखात्म्यांचाच आग्रह होता. हे उपाय मूल निवडून करता येत नाहीत, ते सगळ्या गावालाच करावे लागतात.

वक्रावर एवढा भरवसा ठेवावा का? वजनाच्या बाबतीत जपूनच. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुलं राज्यात २५.६ टक्के आणि त्यांपैकी अतिगंभीर, म्हणजे उणे ३ च्याही खालची, एकूण मुलांच्या १०.९ टक्के. या दोन आकड्यांवरून पसारा काढला तर तो १.७ च्या वर जातो. एरवी तो एकच्या आसपास असतो. शेपटी इतकी जाड दिसली की मोजमापातल्या चुकांची शंका घ्यायलाच हवी. उंचीतही चुका होतात. म्हणून पसारा १.३ धरून पाहिलं, तरी सरासरी उणे दीडच येते. निष्कर्ष ढळत नाही.

राहिला पैशाचा मुद्दा: साधनं तुटपुंजी, तेव्हा आधी सर्वांत वाईट अवस्थेतली मुलं पाहा. तीव्र कुपोषित मुलाचा जीव वाचवणं हे पहिलं काम आहेच. पण उणे ३ च्या खालचं प्रत्येक मूल उणे २.९ वर आणलं तरी ३५.२ हा आकडा तसूभरही हलणार नाही. उलट सरासरी अर्ध्या विचलनाने, पाचव्या वर्षी सुमारे अडीच सेंटिमीटरने, वर सरकली तर खुजेपणा १९ टक्क्यांवर येतो. पसारा मोठा धरला तरी २२ च्या आसपास. त्यासाठी गरोदर बाईचा आहार, पहिली दोन वर्षं आणि पिण्याचं पाणी ही कामं रेषा न पाहता करावी लागतील.

सर्वेक्षणाच्या सारांश-पत्रकांत रेषेखालची टक्केवारी तेवढी छापली जाते. तिच्या शेजारी प्रत्येक जिल्ह्याचा सरासरी झेड-स्कोअरही छापावा, आणि जिल्हा परिषदेच्या आढावा बैठकीत पहिला प्रश्न त्याच्याबद्दल विचारला जावा.