सामोपचाराने कर्जफेड

ज्याला एकाच धनकोचे देणे आहे, तो मुदत वाढवून मागू शकतो. परंतु चार धनकोंनी चार दिशांनी तगादा लावला म्हणजे ऋणकोची विचारशक्ती खुंटते. जो अधिक जोराने मागतो त्याला तो आधी देतो, आणि ते देण्यासाठी पाचव्याकडून उसने घेतो. अशा वेळी न्यायालयाची पायरी न चढता सर्व धनकोंशी बोलणी करून, ऐपतीप्रमाणे ठरावीक हप्त्यांनी सर्वांचे देणे फेडण्याची जी योजना आखली जाते, तिला सामोपचाराची कर्जफेड म्हणता येईल.

अशा तडजोडीला भारतीय कायद्याचा आधार आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या ६३ व्या कलमानुसार धनको आपले येणे पूर्णतः वा अंशतः सोडून देऊ शकतो किंवा मुदत वाढवू शकतो. पाच हजार रुपयांच्या देण्यापोटी दोन हजारच घेऊन धनकोने पूर्ण फेड मान्य केली, तर सारे देणे संपते, असे उदाहरण कायद्यातच दिलेले आहे. इंग्लंडमध्ये स्थिती निराळी आहे. ‘फोक्स विरुद्ध बीअर’ या १८८४ च्या निकालानुसार तेथे बाकी सोडून देण्याचे नुसते वचन, त्यासाठी स्वतंत्र मोबदला मिळाल्यावाचून, धनकोवर बंधनकारक होत नाही.

आपल्याकडे या मार्गाचा अनुभवही जुना आहे. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख कर्जरोखे हस्तगत करून जाळण्यावर होता. त्यानंतर १८७९ साली झालेल्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने सलोखा घडवून आणणाऱ्या मध्यस्थांची तरतूद केली. तसेच पावती व वार्षिक हिशेब मिळण्याचा हक्क ऋणकोला दिला. पुढे १९३३ साली मध्यप्रांतात व १९३४ साली पंजाबात कर्ज-तडजोड मंडळांसाठी कायदे झाले. या सर्व प्रयत्नांतून एक गोष्ट दिसते. देण्याचा खरा आकडा दोन्ही पक्षांना मान्य झाल्यावाचून तडजोड होत नाही.

म्हणून पहिले काम यादीचे. बँक, पतसंस्था, किराणा दुकानदार, नातेवाईक यांपैकी कोणालाही न वगळता मुद्दल, व्याजाचा दर व थकबाकी लिहून काढावी. लाजेपोटी एखादे देणे लपविले, तर पुढे तेच सारी योजना मोडते. दुसरे काम घरखर्चाचे. घरभाडे, धान्य, वीज, औषधे, मुलांचे शिक्षण हे प्रथम वजा करावे आणि उरेल तेवढ्याचाच हप्ता कबूल करावा. उत्साहाच्या भरात मोठा हप्ता कबूल करून तिसऱ्या महिन्यात तो चुकविणाऱ्यावर धनको पुन्हा विश्वास ठेवीत नाही. घर किंवा दागिने तारण ठेवून काढलेल्या कर्जाचा विचार मात्र वेगळा करावा. कारण तेथे हप्ता चुकल्यास तारणच हातचे जाण्याची भीती असते.

समजा, एका कारकुनाला पतसंस्थेचे १,२०,०००, क्रेडिट कार्डाचे ६०,०००, मेहुण्याचे ४०,००० आणि दुकानदाराचे २०,००० असे एकूण २,४०,००० रुपये देणे आहे, व घरखर्च भागून त्याच्याजवळ दरमहा ६,००० रुपये उरतात. देण्याच्या प्रमाणात वाटणी केल्यास अनुक्रमे ३,०००, १,५००, १,००० व ५०० रुपये असे हप्ते पडतात. व्याज थांबले तर चाळीस महिन्यांत सर्व देणी एकदमच फिटतील. परंतु कार्डावर दरमहा तीन टक्के व्याज चालूच राहिले, तर ६०,००० रुपयांवर महिन्याला १,८०० रुपये चढतील आणि हप्ता मात्र १,५०० चाच राहील. म्हणजे वर्षभर नियमित भरूनही देणे वाढलेलेच असेल. यास्तव बोलण्यांचा खरा विषय हप्ता नव्हे, व्याज हाच होय.

धनकोने व्याज का सोडावे? दाव्यात वेळ व पैसा जातो. शिवाय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमान्वये अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे, पगाराचा ठरावीक भाग इत्यादींवर जप्ती आणता येत नाही. तेव्हा अनिश्चित हुकूमनाम्यापेक्षा निश्चित हप्ता त्यालाही सोयीचा वाटू शकतो.

ठरेल ते लेखी असावे. किती रक्कम, किती मुदत, व्याज थांबणार की कमी होणार, आणि शेवटचा हप्ता पोचल्यावर देणे पूर्ण फिटले असे मानले जाईल काय, हे त्यात स्पष्ट हवे. प्रत्येक हप्त्याची पावती घ्यावी. एकाच धनकोची दोन खाती असतील तर रक्कम कोणत्या खात्यात जमा करावी हे देतानाच कळवावे; तसा हक्क ऋणकोला आहे. मुदतीच्या आत देणे लेखी कबूल केल्यास, १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे दाव्याची मुदत नव्याने सुरू होते, हे जाणूनच सही करावी. जामीनदार असेल तर त्याची संमती घेणे इष्ट. कारण त्याला न विचारता मुदत वाढविण्याचा करार केल्यास तो जबाबदारीतून मुक्त होऊ शकतो आणि म्हणून धनको कचरतो.

या मार्गाच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. चारांपैकी तिघांची संमती चौथ्याला बांधीत नाही; तो दावा लावू शकतो. अशा वेळी १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्याखालील लोकअदालतीत, दावा दाखल होण्यापूर्वीही, वाद नेता येतो. तेथे झालेल्या तडजोडीच्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते व त्यावर अपील नसते. तसेच बँकेने कमी रकमेवर खाते मिटविल्यास त्याची नोंद पतविषयक माहितीत राहते व पुढील कर्ज मिळणे अवघड होते.

सर्वांत मोठा धोका मात्र ऋणकोच्याच हाती असतो. जुना हप्ता भरण्यासाठी नवे कर्ज काढले की यादी पुन्हा वाढू लागते. ज्या महिन्यात आजारपण येते किंवा पगार थकतो, त्या महिन्यात गप्प न बसता धनकोला आधी कळवावे. न कळविता चुकलेल्या हप्त्याने जेवढा विश्वास जातो, तेवढा वेळेवर सांगितलेल्या अडचणीने जात नाही. आणि सामोपचाराची सारी इमारत या विश्वासावरच उभी असते.