‘बरोबर’ शब्दाचे दोन अर्थ आणि संगणकाची भाषा

मूळचा फारसी असलेला ‘बरोबर’ हा शब्द मराठीत निरनिराळी कामे करतो. ‘दोन आणि तीन बरोबर पाच’ येथे तो समानता सांगतो. ‘तुझे उत्तर बरोबर’ येथे सत्यता. संदर्भ हाताशी असल्यामुळे आपला घोटाळा होत नाही. संगणकाच्या भाषांत मात्र या दोन अर्थांची सरमिसळ कशी होते, हे साहित्याच्या अभ्यासकांनीही पाहण्यासारखे आहे.

डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास रचिलेल्या ‘सी’ भाषेत समानतेचा प्रश्न == या जोडचिन्हाने विचारतात. क == ख == ग असे लिहिले, की तिन्ही राशी समान आहेत काय, असे आपण विचारले असे वाटते. संगणकाला तसे वाटत नाही. तो डावीकडील जोडी प्रथम घेतो. ती समान असेल तर १ आणि नसेल तर ० असे उत्तर काढतो, आणि मग ते उत्तरच ‘ग’शी ताडून पाहतो. त्यामुळे ३५ == ३५ == ३५ हे विधान असत्य ठरते, कारण १ म्हणजे ३५ नव्हे; उलट ३५ == ४० == ० हे सत्य ठरते! कंग्राळीतला दुकानदार दोन पुड्या तोलून ‘बरोबर’ म्हणतो खरा, पण तो उच्चारलेला शब्दच पारड्यात टाकून तिसरी पुडी तोलीत नाही. म्हणून या भाषेत ‘क == ख आणि ख == ग’ अशी दोन वाक्ये करावी लागतात.

गीदो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘पायथन’ भाषेने हे ‘आणि’ अध्याहृत मानिले. तेथे साखळीचा अर्थ आपल्या वहीतल्यासारखाच होतो. असमानतेच्या साखळीत मात्र सावध राहावे: १ != २ != १ हेही तेथे सत्यच, कारण पहिल्या आणि तिसऱ्या राशीची गाठ कोणी घातलेलीच नसते.

भास्कराचार्यांच्या बीजगणितात समीकरणाचे दोन पक्ष एकाखाली एक मांडीत; = हे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये छापले. ते एका ओळीत आले आणि साखळीचा मोह सुरू झाला. आमचे विद्यार्थी सर्रास ५ + ३ = ८ × २ = १६ असे लिहितात. त्यांच्या लेखी = म्हणजे ‘करून आले’. वाचावयास गेले तर येथे आठ हे सोळांइतके ठरतात. उत्तर बरोबर, मांडणी चूक. आणि तपासताना आपण बहुधा शेवटच्या सोळांकडे पाहून पूर्ण गुण देतो.