गळाला कथलाचं डोकं

कोकणातल्या खाड्यांवर गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींपैकी काहींच्या डबीत हल्ली कोळंबीऐवजी रबरी मासोळ्या दिसतात आणि त्यांच्या जोडीला ‘जिगहेड’ नावाची एक चिमुकली वस्तू. जिगहेड म्हणजे गळाच्या मानेशी ओतलेला शिशाचा मणी. रबरी मासोळी गळात ओवली की हा मणी तिचं डोकं होतो. दोरीचं नाकं मण्याच्या वरच्या अंगाला असल्यामुळे गळाचं टोक आकाशाकडे राहतं आणि तळातल्या कालवांत कमी अडकतं.

नवखा माणूस दुकानात हटकून जड मणी मागतो, कारण जड मणी लांब जातो. सोनेतारण कर्जाच्या टेबलावर वर्षं काढलेल्या माझ्यासारख्याला ग्रॅमच्या दशांशाचं मोल सांगावं लागत नाही. कमरेएवढ्या संथ पाण्यात तीन-साडेतीन ग्रॅम पुष्कळ झाले. भरतीचा ओढा किंवा समोरचा वारा असेल तर पाच ते सात. त्याहून जड मणी धप्पकन पडतो, मासे बिथरवतो आणि सरळ चिखलात रुततो. जिताडा काय, तांबोशी काय, आमिष हलकेच खाली उतरत असतानाच पुष्कळदा झडप घालतात. तेव्हा तळ लागल्याचं बोटांना जेमतेम कळेल, इतकाच हलका मणी घ्यावा. गळ मात्र जाड तारेचाच हवा. तांबोशी लागली की कांदळवनाच्या मुळांकडे धाव घेते. बारीक तारेचा गळ सरळ होऊन परत येतो.

आता शिशाविषयी. गळ अडकतो, दोरी तुटते, मणी तळाशी राहतो. पाणपक्षी दाणा दळायला खडे गिळतात, त्यांत शिसंही पोटात जातं. ब्रिटनमध्ये त्यानं हंस मरू लागले, तेव्हा १९८७ सालापासून ०.०६ ते २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या, गळाच्या दोरीला लावायच्या शिशाच्या वजनांची विक्री तिथे बंद झाली. पुढे हंस वाढले.

पण मला जास्त धास्ती स्वयंपाकघराची वाटते. चार पैसे वाचवायला काहीजण घरच्या शेगडीवर शिसं वितळवून साच्यात ओततात. ते ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे काम सोपं. त्याचा धूर आणि वरची राख मात्र घरातच राहते. मुलांच्या वाढत्या मेंदूला शिसं इतकं घातक, की त्याचं सुरक्षित म्हणावं असं प्रमाणच ठाऊक नाही.

पर्याय आपल्या आज्यांच्या ओळखीचा आहे. पितळी पातेल्यांना कल्हई करायचे, ते कथील! शिशाची घनता ११.३, कथलाची ७.३, म्हणजे तेवढ्याच वजनाचा कथलाचा मणी दीडपट मोठा होतो आणि सावकाश बुडतो. खोल पाण्यात हा दोष. उथळ खाडीत आपल्याला हवं असतं ते नेमकं हेच. (टंगस्टनचं उलट, ते शिशाहूनही घट्ट, खोल पाण्याच्या कामाचं.)

कथील महाग पडतं, हे खरं. एका सकाळी दोन-चार मणी तुटणार, हे धरूनच चालावं. तरी शिसंच वापरायचं असेल तर ओतलेलं विकत घ्यावं, डबी मुलांच्या हाताला लागू देऊ नये, आणि खाडीवरून आल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय नातवंडाला उचलू नये.