दंड भरला, नोंद राहिली

किरकोळ गुन्ह्याची नोंद असलेल्या माणसाला परदेशात स्थायिक होता येते. बहुतेक देशांच्या कायद्यांत त्याच्यासाठी वाट ठेवलेली आहे. ती बंद होते दोन कारणांनी. इथे किरकोळ समजलेला गुन्हा तिथल्या कायद्यात गंभीर ठरतो, किंवा अर्जात तो लपवला जातो. यांतले दुसरे कारण पूर्णपणे अर्जदाराच्या हातातले असते, आणि सर्वांत मोठे नुकसानही त्यानेच होते.

गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडव्यासारख्या गावात पोलिसांच्या दप्तरी नाव जाण्याचे प्रसंग नेहमीचेच असतात. धुऱ्यावरून हाणामारी होते, पोळ्याच्या किंवा दिवाळीच्या दिवसांत जुगारावर धाड पडते, मोहाची दारू पकडली जाते, मोटारसायकल कुणाला तरी धडकते. भारतीय दंड संहितेची ३२३, ५०४, ५०६ ही कलमे लोकांना तोंडपाठ असतात. अपघात असला तर २७९ आणि ३३७. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि हे आकडे बदलले. मारहाणीचे ३२३ आता ११५(२) झाले, ५०४ चे ३५२, ५०६ चे ३५१ आणि बेदरकार वाहन चालवण्याचे २७९ चे २८१. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले मात्र जुन्याच कलमांखाली चालतात.

परदेशी जाणाऱ्याच्या दृष्टीने कलमाइतकेच महत्त्व प्रकरण कोणत्या टप्प्यावर आणि कसे संपले याला आहे. एफआयआर ही तक्रारीची नोंद असते, दोषसिद्धी नव्हे. तपास निष्फळ ठरला तर महाराष्ट्रात पोलीस न्यायालयाकडे ‘समरी’ पाठवतात. गुन्हा खरा पण छडा लागला नाही तर ‘अ’, तक्रारच खोटी निघाली तर ‘ब’, गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची ठरली तर ‘क’. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १०७ किंवा ११० कलमाखालची ‘चॅप्टर केस’ म्हणजे शांतता राखण्याचे किंवा चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र लिहून घेण्याची प्रतिबंधक कारवाई. तीही शिक्षा नव्हे. ३२३ आणि ५०४ सारख्या कलमांत फिर्यादीशी तडजोड करता येते. लोकअदालतीत किंवा नेहमीच्या न्यायालयात अशी तडजोड नोंदवली गेली, की कायद्याने तिचा परिणाम निर्दोष सुटकेसारखाच होतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे गुन्हाच रद्द करण्याची मागणीही करता येते.

खरा घोटाळा होतो तो कबुलीने. दोन-तीन वर्षे तारखांना खेटे घालून आरोपी कंटाळलेला असतो, मजुरी बुडत असते. कुणीतरी सुचवते, ‘गुन्हा कबूल करून टाक, दंड भर, मोकळा हो.’ अर्ध्या पानाची पुरसिस लिहिली जाते: आरोप समजला, गुन्हा कबूल आहे, कुणाचा दबाव नाही, दया करावी. न्यायाधीश तेच पुन्हा तोंडी विचारतात. मग हुकूम होतो, न्यायालय उठेपर्यंत साधी कैद आणि काहीशे रुपये दंड. आरोपी संध्याकाळपर्यंत न्यायालयात बसून राहतो, दंडाची पावती खिशात घालतो आणि घरी जातो. प्रकरण मिटले अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. कायद्याच्या भाषेत मात्र त्याची दोषसिद्धी झालेली असते, तीही कैदेच्या शिक्षेसह. २७९ कलमात तडजोड होत नाही, म्हणून अपघाताची प्रकरणे पुष्कळदा याच वाटेने संपतात. हा सल्ला देणाऱ्याच्या मनात तारखांचा त्रास असतो. पुढे दहा वर्षांनी भरायचा व्हिसाचा अर्ज त्याच्या ध्यानीमनीही नसतो.

यावर मधला मार्ग १९५८ च्या गुन्हेगार परिवीक्षा अधिनियमाचा आहे. पहिल्याच किरकोळ गुन्ह्यात न्यायालय शिक्षा न देता समज देऊन किंवा बंधपत्र घेऊन सोडू शकते, आणि अधिनियमाच्या कलम १२ नुसार दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. हे संरक्षण भारतीय कायद्याचे आहे. परदेशी अधिकाऱ्यावर ते बंधनकारक नाही, तरी ‘न्यायालयाने कैद दिली नाही’ ही गोष्ट तिथेही वजनदार ठरते.

प्रौढांची जुनी नोंद काही वर्षांनी आपोआप पुसून टाकणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. अठरा वर्षांखालील मुलांना मात्र २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम २४ ने अपात्रतेपासून मोकळे केले आहे, आणि अत्यंत गंभीर गुन्ह्यांतील अपवाद सोडता ठरावीक मुदतीनंतर त्यांची नोंद नष्ट करण्याची तरतूद आहे. नोंद किती चिवट असते याचे विदर्भातलेच उदाहरण वर्ध्याचे क्रांतिकारक आणि कृषिशास्त्रज्ञ पांडुरंग खानखोजे यांचे आहे. गदर चळवळीत असल्यामुळे ब्रिटिश सरकारला ते हवे होते. पुढे मेक्सिकोत त्यांनी मक्यावर आणि गव्हावर मोठे काम केले. स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी परतले, तेव्हा विमानतळावर त्यांना अडवण्यात आले, कारण ब्रिटिशांच्या काळ्या यादीतले त्यांचे नाव कुणी काढलेच नव्हते. राज्य बदलले, तरी कागद बदलला नव्हता.

परदेशवासाची पहिली पायरी पासपोर्ट. कुडव्यातील अर्जदारासाठी हे काम नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येते. १९६७ च्या पासपोर्ट अधिनियमाचे कलम ६(२) या बाबतीत लोक समजतात तेवढे कठोर नाही. गेल्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात किमान दोन वर्षांची कैद झाली असेल, तर पासपोर्ट नाकारता येतो. जुगाराचा किंवा मारहाणीचा दंड त्या पातळीला पोहोचत नाही. प्रलंबित खटला हा मात्र मोठा अडसर आहे. त्यासाठी ज्या न्यायालयात खटला चालू आहे, तिथून देशाबाहेर जाण्याची परवानगी आणावी लागते. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेनुसार अशा आदेशात मुदत लिहिलेली नसेल, तर पासपोर्ट एकच वर्षाचा मिळतो. अनेक देश पासपोर्टची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात, तेव्हा एक वर्षाच्या पासपोर्टवर स्थायिक होण्याचा बेत आखणे अवघड जाते. आदेशात नेमकी मुदत लिहून घेणे म्हणूनच आवश्यक असते.

दुसरी पायरी पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘पीसीसी’. अर्ज पासपोर्ट सेवेकडे होतो, शुल्क ५०० रुपये असते आणि पडताळणी स्थानिक पोलीस ठाणे करते. २८ सप्टेंबर २०२२ पासून हा अर्ज टपाल कार्यालयांतल्या पासपोर्ट सेवा केंद्रांतही घेतला जाऊ लागला. पीसीसी स्वच्छ आले म्हणजे सगळे निभावले, असा समज सर्रास आढळतो आणि तो धोक्याचा आहे. परदेशी अर्जातला प्रश्न ‘पोलिसांकडे आज काय नोंद आहे’ एवढाच नसतो. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात विचारले जाते, की आजवर कधीही अटक किंवा दोषसिद्धी झाली आहे का, माफी मिळाली असली तरी. तिथे सुटलेल्या खटल्यातली अटकही लिहावी लागते.

अमेरिकेचा कायदा ‘नैतिक अधःपतनाचा’ गुन्हा पाहतो. साधी मारहाण सहसा त्यात मोडत नाही. चोरी आणि फसवणूक मोडते. किरकोळ गुन्ह्याला एक सूट आहे. असा गुन्हा एकच असावा, कायद्यातली त्याची कमाल शिक्षा एक वर्षापेक्षा जास्त नसावी आणि प्रत्यक्ष शिक्षा सहा महिन्यांच्या वर नसावी. मेख कमाल शिक्षेत आहे. भारतीय दंड संहितेत साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद होती. त्यामुळे पाचशे रुपयांच्या चोरीत केवळ दंड झाला असला, तरी ही सूट हातची जाते आणि वेगळा माफीचा अर्ज करावा लागतो. अमली पदार्थांचे प्रकरण आणखी कडक आहे. स्थायिक होणाऱ्याला तिथे माफी मागता येते ती जवळपास एकाच बाबतीत, ३० ग्रॅमपर्यंतचा गांजा एकदाच स्वतःजवळ बाळगल्याबद्दल.

कॅनडा परदेशातल्या गुन्ह्याची तुलना स्वतःच्या कायद्याशी करतो: हेच कृत्य कॅनडात घडले असते तर किती शिक्षा झाली असती? दारू पिऊन गाडी चालवण्याचे उदाहरण इथे डोळे उघडणारे आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८५ खाली पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. बहुतेक जण दंडावर सुटतात. कॅनडाने १८ डिसेंबर २०१८ पासून याच गुन्ह्याची कमाल शिक्षा दहा वर्षे केली, आणि तो ‘गंभीर गुन्हेगारी’च्या वर्गात गेला. साधा एकच गुन्हा असेल, तर शिक्षा पूर्ण झाल्यावर दहा वर्षांनी माणूस सुधारला असे कॅनडाचा कायदा आपोआप मानतो. गंभीर वर्गाला ही सवलत नाही. तिथे पाच वर्षांनंतर पुनर्वसनाचा रीतसर अर्ज करावा लागतो. ही वर्षे शिक्षा पुरी झाल्यापासून मोजली जातात, आणि दंड भरणे हाही शिक्षेचाच भाग असतो. दंड थकलेला असेल, तर मोजणी सुरूच होत नाही.

ऑस्ट्रेलियात एकूण बारा महिने किंवा अधिक कैद झालेली असेल, तर अर्जदार चारित्र्याच्या कसोटीवर नापास होतो. गावाकडच्या किरकोळ प्रकरणाला ही मर्यादा क्वचितच लागते. मात्र गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या देशात बारा महिने वास्तव्य झाले, तिथले पोलीस प्रमाणपत्र मागितले जाते. आधी आखातात नोकरी करून आलेल्याला ते तिथूनही आणावे लागते.

गुन्हा लपवण्याची शिक्षा या सर्व देशांत ठरलेली आहे. कॅनडात खोट्या माहितीबद्दल पाच वर्षे दार बंद होते, ऑस्ट्रेलियात सर्वसाधारणपणे तीन वर्षे, ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत. अमेरिकेत माफी मिळाली नाही तर कायमचे. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे देश बोटांचे ठसे आणि व्हिसाची माहिती एकमेकांशी ताडून पाहतात. भारतातही पासपोर्टच्या अर्जात माहिती दडवणे हा पासपोर्ट अधिनियमाच्या कलम १२ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. ‘नाही’वर खूण कर म्हणणारा एजंट अर्जावर सही करत नाही, सही अर्जदाराची असते. ज्या तीनशे रुपयांच्या दंडाने व्हिसा अडला नसता, तो लपवल्याने अडतो.

जुने प्रकरण असलेल्याने एफआयआरची प्रत, दोषारोपपत्र, अंतिम हुकुमाची प्रमाणित नक्कल आणि दंडाची पावती जपून ठेवावी. नक्कल न्यायालयाच्या नक्कल विभागात मिळते. ई-कोर्टवर खटल्याचा सीएनआर क्रमांक सापडला, की शोध सोपा होतो. दप्तर नष्ट झाले असेल, तर न्यायालयाकडून तसे लेखी घ्यावे. हुकूम मराठीत असेल, तर त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे आणि सोबत घटना काय, कधी आणि कशी घडली हे साध्या शब्दांत लिहावे. ज्याचा खटला अजून चालू आहे, त्याने कबुलीच्या पुरसिसवर सही करण्यापूर्वी परदेशी जाण्याचा विचार वकिलाला सांगावा आणि तडजोड किंवा परिवीक्षा शक्य आहे का, हे आधी विचारावे.