साडेअकरा वर्षं, दहा सेकंद, दोन तास

मराठवाड्यातल्या जुन्या पिढीतल्या कित्येकांनी चारमिनार आधी पाहिला तो सिगारेटच्या पाकिटावर. १९३० साली हैदराबादेत वजीर सुलतान टोबॅको कंपनी निघाली आणि शहराची खूण तिच्या आखूड, बिनफिल्टरच्या सिगारेटीबरोबर खेडोपाडीच्या टपरीवर पोचली.

२००० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक हिशेब छापून आला. सतराव्या वर्षी सिगारेट धरलेला सरासरी ब्रिटिश पुरुष एकाहत्तराव्या वर्षापर्यंत ३,११,६८८ सिगारेटी ओढतो. एक सिगारेट सात सेंटिमीटरची धरली, तर ही रांग पावणेबावीस किलोमीटर होते. चारमिनारपासून गोवळकोंड्याला रस्त्याने जाऊन जवळपास परत यावं, एवढी. प्रत्येक सिगारेटीची किंमत त्या हिशेबात आयुष्यातली ११ मिनिटं होती. २०२४ अखेरच्या नव्या अंदाजात ती २० मिनिटांवर गेली.

हे तेरा वर्षांच्या पोराला सांगून पाहा. एकाहत्तरावं वर्ष त्याच्या लेखी आजोबांचं. जगात तंबाखूने वर्षाला ७० लाखांहून अधिक माणसं मरतात, हेही त्याच्या अंगाला लागत नाही. त्याला लागू पडणारे आकडे छोटे आहेत.

पहिला साडेअकरा. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातले १३ ते १५ वयाचे ८.५ टक्के विद्यार्थी कुठला ना कुठला तंबाखू वापरत होते. सिगारेट ओढून पाहिलेल्यांच्या सुरुवातीचं मध्यक वय होतं ११.५ वर्षं, बिडीचं १०.५. म्हणजे पाचवी-सहावी. देशात १० ते १९ वयाची सुमारे २५ कोटी मुलं आहेत. त्यावरून १३ ते १५ ची साडेसात कोटी धरली आणि हेच प्रमाण सगळ्यांना लावलं, तर ६४ लाखांच्या आसपास आकडा येतो. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या हैदराबाद महापालिकेची वस्ती ६७-६८ लाख होती.

दुसरा आकडा दहा सेकंदांचा. झुरका घेतल्यावर साधारण एवढ्याच वेळात निकोटिन मेंदूत पोचतं. दिवसाला दहा सिगारेटी, सिगारेटीला दहा झुरके, म्हणजे वर्षाला ३६,५०० झुरके, आणि तेही पंचविशीपर्यंत घडत राहणाऱ्या मेंदूत. इतक्या वेळा घोकलेला धडा कोण विसरेल?

तिसरा दोन तासांचा. तेवढ्यात रक्तातलं निकोटिन निम्म्यावर येतं. कॉलेजच्या गेटवर सिगारेट ओढून आत गेलेल्या मुलाची तिसऱ्या तासाला चिडचिड सुरू होते, फळ्यावर लक्ष टिकत नाही. मधल्या सुट्टीत दुसरी ओढली की बरं वाटतं. ‘टेन्शन जातं’ असं तो म्हणतो आणि त्याला ते खरंच वाटतं, पण त्यातलं बरंचसं टेन्शन पहिल्या सिगारेटीनेच आणलेलं असतं. २०१४ साली २६ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा सिगारेट सोडलेल्यांची चिंता आणि नैराश्य न सोडणाऱ्यांपेक्षा कमी झालेलं दिसलं.

फुप्फुसं तर अजून वाढत असतात. अमेरिकेतल्या सहा शहरांतल्या १०,०६० मुलामुलींवरचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. रोज पाच किंवा अधिक सिगारेटी ओढणाऱ्या मुलींच्या श्वासक्षमतेची वाढ वर्षाला सुमारे एक टक्क्याने मंदावली होती. मुलग्यांचा फरक बराच कमी. सतरा-अठराव्या वर्षी, इतर मुलींची क्षमता शिखरावर स्थिरावत असताना, ओढणाऱ्या मुलींची उतरणीला लागली होती.

हैदराबादच्या पोरांना हुक्का निरुपद्रवी वाटायचा, कारण धूर पाण्यातून येतो आणि वास फळाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने सिगारेटीतून एकूण अर्धा लिटर धूर आत जातो. हुक्क्याच्या एका बैठकीत ५० ते २०० झुरके, आणि एकेक झुरका एक लिटरपर्यंत. शंभर झुरके अर्ध्या लिटरचे धरले तरी ५० लिटर झाले. धुराच्या मापाने शंभर सिगारेटी! विष नेमकं शंभरपट असतं असं नाही, पण ‘निरुपद्रवी’ हा शब्द तिथेच संपतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेलंगण विधिमंडळाने हुक्का पार्लरवर बंदी घातली.

टपरीचं काय? २००३ च्या कायद्याने शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांत, म्हणजे सुमारे ९१ मीटरांत, तंबाखू विकता येत नाही आणि अठराखालच्याला कुठेही नाही. दंड २०० रुपयांपर्यंत. मुलाला तंबाखू दिला म्हणून २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मात्र सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. गुन्हा जवळजवळ तोच, दंडात ५०० पटींचं अंतर. आणि त्याच २०१९ च्या सर्वेक्षणात सिगारेट विकत घ्यायला गेलेल्या मुलांपैकी ४५ टक्क्यांना वयामुळे कुणी नकार दिला नव्हता.