महेंद्र चौधरी : फिजीचे वर्षभराचे पंतप्रधान

महेंद्र चौधरी हे फिजीचे पहिले भारतीय वंशाचे पंतप्रधान. 19 मे 1999 रोजी ते सत्तेवर आले आणि बरोबर वर्षभराने, 19 मे 2000 रोजी, बंडखोरांनी त्यांना संसदेतच ओलीस धरले.

1879 ते 1916 या काळात सुमारे 60,000 भारतीय मजूर करारावर फिजीच्या ऊसमळ्यांत नेले गेले. बरेच जण तिथेच स्थायिक झाले. अशाच एका कुटुंबात 1942 साली चौधरींचा जन्म झाला. सरकारी हिशेबतपासनीस कार्यालयातील नोकरीनंतर ते कामगार चळवळीत आले. 1970मध्ये सरकारी नोकरांच्या संघटनेचे आणि 1978मध्ये ऊसउत्पादकांच्या संघटनेचे सरचिटणीसपद त्यांच्याकडे आले. 1985मध्ये स्थापन झालेल्या लेबर पक्षाचे ते आधारस्तंभ ठरले. 1987मध्ये तिमोची बावाद्रा यांच्या मंत्रिमंडळात ते अर्थमंत्री झाले. महिन्याभरातच लष्कराच्या सितिवेनी राबुका यांनी ते सरकार उलथवले.

1997च्या नव्या घटनेने पंतप्रधानपद सर्वांना खुले केले. 1999च्या निवडणुकीत 71पैकी 37 जागा एकट्या लेबर पक्षाला मिळाल्या. दोन्ही उपपंतप्रधान मूळ फिजियन होते. जीवनावश्यक वस्तूंवरचा कर सरकारने उठवला. खरा पेच मात्र जमिनीचा होता. देशातली 80 टक्क्यांहून अधिक जमीन मूळ फिजियन वंशसमूहांच्या मालकीची. ती विकता येत नाही. भारतीय शेतकरी ती कुळ म्हणून कसत. त्यांचे 30 वर्षांचे भाडेपट्टे 1997पासून संपू लागले होते. जमीन गेलेल्या कुळाला 28,000 फिजी डॉलर देण्याची योजना चौधरींनी आणली. कुळांच्या दृष्टीने तो न्याय होता. जमीनमालकांना मात्र आपल्या हक्कांवर गदा येण्याची धास्ती वाटली. जॉर्ज स्पाइट या व्यापाऱ्याने ती हेरली आणि सशस्त्र साथीदारांसह संसद ताब्यात घेतली. चौधरी 56 दिवस कैदेत राहिले. ते ओलीस असतानाच राष्ट्राध्यक्षांनी त्यांचे सरकार बरखास्त केले.

न्यायालयाने 2001मध्ये 1997ची घटना वैध ठरवली, पण पंतप्रधानपद चौधरींना परत मिळाले नाही. 2006च्या लष्करी उठावानंतर, 2007मध्ये, ते फ्रँक बैनिमारामा यांच्या सरकारात अर्थमंत्री झाले. स्वतः बंडाची झळ सोसलेल्या नेत्याने बंडातून आलेल्या सत्तेत बसावे, हे अनेकांना रुचले नाही. 2008मध्ये ते बाहेर पडले. परदेशात ठेवलेल्या पैशांबाबत परकीय चलन कायद्याखाली 2014मध्ये ते दोषी ठरले, त्यामुळे त्या वर्षीची निवडणूक त्यांना लढवता आली नाही. कामगार आणि कुळांची बाजू संसदेत नेणे हे चौधरींचे मोठे काम. पण फिजीत नुसते बहुमत पुरत नाही. जमीनमालकांचा विश्वासही लागतो. तो त्यांना मिळवता आला नाही.