‘कोहा’ फुकट आहे, मग बिल कशाचं?

ओपन सोर्स म्हणजे फुकट, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. त्यामुळे नांदेड-लातूरकडच्या एखाद्या कॉलेजच्या ग्रंथालयात ‘कोहा’ बसवून देणाऱ्यानं बिल लावलं की लगेच शंका येते: फुकटच्या गोष्टीचे पैसे? ही फसवणूक तर नाही ना?

‘कोहा’चा जन्म कसा झाला ते बघा. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयाचं जुनं सॉफ्टवेअर २००० सालाच्या तारखा झेलू शकणार नव्हतं. म्हणून त्यांनी १९९९ मध्ये कटिपो नावाच्या कंपनीला पैसे देऊन नवं करून घेतलं, जानेवारी २००० मध्ये ते वापरात आणलं आणि जीपीएल परवान्याखाली सगळ्यांना खुलं केलं. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. म्हणजे ही भेटही कुणीतरी पैसे मोजूनच बनवून घेतलेली आहे.

जीपीएल चार मुभा देतो: वापरा, कोड वाचा, बदला, वाटा. किंमत लावायला त्यात कुठेही मनाई नाही. ही चळवळ सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन स्वतः १९८५ मध्ये ‘ईमॅक्स’ची टेप १५० डॉलरला विकत होते. अट वेगळीच आहे. ज्याला प्रोग्रॅम दिला त्याला कोड मिळाला पाहिजे, आणि त्यानं तो पुढे वाटला तर अडवायचं नाही.

आपल्याकडचं सोयाबीन आठवा. दुकानदार बियाण्याच्या बॅगचे पैसे घेतो; पण सरळ वाण असेल तर पुढच्या वर्षी घरचंच बियाणं पेरता येतं. पैसे बॅगचे दिले, पुन्हा पेरायच्या परवानगीचे नाही.

म्हणून ‘फुकट की विकत’ आणि ‘खुलं की बंद’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. संदर्भ सांभाळायला ‘मेंडेले’ फुकट मिळतं, पण त्याचा कोड बंद आहे आणि २०१३ पासून ते एल्सेव्हिअरच्या मालकीचं आहे. ‘झोटेरो’चा कोड खुला आहे, पण त्यांच्या सर्व्हरवर ३०० एमबीच्या वर फायली ठेवायच्या तर पैसे पडतात. मुंबईची फ्रॅपे कंपनी ‘ईआरपीनेक्स्ट’चा कोड खुला ठेवते आणि होस्टिंगवर कमावते.

ग्रंथालयातलं बिलही असंच कामाचं असतं. सर्व्हर लावणं, जुन्या फॉन्टमधल्या मराठी नोंदी युनिकोडमध्ये आणणं, कर्मचाऱ्यांना शिकवणं, बॅकअप घेणं. हे कोडसोबत आपोआप येत नाही.

पण पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचाराच:

१. बिलात काय लिहिलंय? काम आणि सेवा असेल तर ठीक. ‘परवाना शुल्क’ असेल तर कोणता परवाना, ते दाखवायला सांगा.

२. डेटाबेसचा पासवर्ड आणि बॅकअप कुणाकडे राहणार? तो एकट्या बसवणाऱ्याकडे असेल, तर कोड खुला असूनही ग्रंथालय अडकलेलंच.

३. उद्या दुसऱ्याकडून काम करून घ्यायचं ठरलं, तर सगळ्या नोंदी प्रमाणित स्वरूपात बाहेर काढता येतील का?

पीएचडी चार-पाच वर्षं चालते. तेवढ्या काळात साधनं बदलतात, कंपन्या विकल्या जातात. तुमचे संदर्भ आणि डेटा मात्र तुमच्या हातात राहायला हवा. आणि संशोधन पद्धतीच्या प्रकरणात नुसतं ‘फ्री सॉफ्टवेअर वापरलं’ असं लिहू नका. नाव, आवृत्ती आणि परवाना लिहा, म्हणजे तुमचं काम दुसऱ्याला पुन्हा करून बघता येईल.